दुर्मिळ आजाराबद्दल लोकांना सांगायचंय, पण नेमकं काय आणि कुणाला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीला दुर्मिळ जनुकीय आजार आहे आणि निदान व्हायला सहा वर्षं गेली. शोधता शोधता तशीच आणखी कुटुंबं भेटत गेली आणि आज फेसबुक व व्हॉट्सअ‍ॅप मिळून साठेक घरांचा गट झाला आहे. येत्या फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे जागतिक दुर्मिळ आजार दिनाला, सगळ्या मुलांचे चेहरे असलेला एक व्हिडिओ काढायचा आणि तो होईल तितका फिरवायचा असं गटात ठरतंय. घरी मात्र मुलीचा फोटो टाकण्यावरून दोन तट पडलेत. आजाराचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. बरं केलंत. का, ते पुढे येईलच.

मी जनुकीय समुपदेशक आहे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना समजावून सांगणारी. माझं बरंचसं काम निदानानंतर सुरू होतं, त्यामुळे रुग्णगटांशी रोजचा संबंध येतो. आधी उत्तर सांगून टाकते: चेहऱ्यांचा व्हिडिओ तूर्त बाजूला ठेवा. त्याआधी साठही घरांना एकच प्रश्न विचारा: निदान होण्याआधी सगळ्यात पहिल्यांदा तुम्हाला काय खटकलं होतं? त्या उत्तरांतून जे एक वाक्य निघेल, तोच तुमचा प्रचार. व्हिडिओ, पोस्टर, मुलाखती जे काही करायचं ते त्या वाक्यासाठी करा.

जनजागृती म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे 'सर्वसामान्य जनता' येते. पण जनतेने तुमच्या आजाराचं नाव पाठ करून करायचं काय? दुर्मिळ आजार सहा हजारांहून जास्त आहेत, आणि जगभर सुमारे तीस कोटी माणसं त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या आजारासह जगताहेत. ही नावं डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाहीत, तशी अपेक्षाही धरू नये. तुम्हाला प्रत्यक्षात दोनच माणसं गाठायची आहेत. एक, जिच्या घरात हाच आजार आहे पण त्याचं नाव माहीत नाही अशी आई किंवा बाप. दुसरा, त्या मुलाला पहिल्यांदा तपासणारा डॉक्टर. कायदे करणारे, निधी देणारे, पत्रकार यांचा नंबर नंतर लागतो, आणि तो लागावा म्हणूनही आधी या दोघांपर्यंत पोचावं लागतं. कारण रुग्ण किती आहेत हेच ठाऊक नसेल तर निधी मागायचा कुणासाठी?

युरॉर्डिस हा युरोपातल्या दुर्मिळ आजारांच्या रुग्णसंघटनांचा महासंघ. त्यांनी आठ आजारांच्या हजारो कुटुंबांना विचारलं, तेव्हा चौथा हिस्सा रुग्णांनी सांगितलं की पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत ५ ते ३० वर्षं गेली. ४० टक्के लोकांना आधी चुकीचं निदान मिळालं होतं. त्यापायी काहींवर नको त्या शस्त्रक्रिया झाल्या, काहींना मानसोपचारांसाठी पाठवलं गेलं. तुमची सहा वर्षं याच हिशेबातली आहेत. गटाने कमी करायची गोष्ट असेल तर ती ही.

आता ते 'एक वाक्य' म्हणजे काय, हे एका आजारावरून दाखवते. फायब्रोडिसप्लाझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, थोडक्यात एफओपी. दहा-वीस लाखांत एखाद्याला होणारा आजार. यात स्नायू, स्नायूबंध, सांध्यांभोवतीचे पडदे यांच्या जागी हळूहळू हाड तयार होतं. लहान मुलाच्या मानेवर किंवा पाठीवर अचानक गाठ येते, सूज येते. डॉक्टरला पहिली शंका येते कॅन्सरच्या गाठीची, म्हणून तो तुकडा काढून तपासायला पाठवतो. आणि इथेच घात होतो, कारण या आजारात शरीराला झालेली कुठलीही इजा, मग ती बायोप्सीची असो की स्नायूत दिलेल्या इंजेक्शनची, नवीन हाड बनवायला निमित्त ठरते. २००५ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात १३८ रुग्णांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास आला. ८७ टक्के रुग्णांचं सुरुवातीचं निदान चुकलं होतं. दोन-तृतीयांश रुग्णांना बायोप्सीसारख्या अनावश्यक प्रक्रियांमधून जावं लागलं होतं. जवळपास निम्म्यांनी सांगितलं की अशा उपचारांमुळे आपली हालचाल कायमची कमी झाली.

आणि खूण काय होती? पायाचे अंगठे. या मुलांच्या दोन्ही पायांचे अंगठे जन्मतःच आखूड आणि वळलेले असतात. बाळंतपणानंतर पहिल्या तपासणीतही दिसेल अशी ही गोष्ट. ती बघायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, मोजा काढावा लागतो इतकंच. म्हणजे वाक्य तयार झालं: 'अंगठे जन्मतः आखूड आणि वळलेले असतील आणि अंगावर गाठ आली असेल, तर सुई किंवा सुरी लावण्याआधी थांबा.' यात आजाराचं नावसुद्धा नाही. तरी हे वाक्य एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या डोक्यात राहिलं तर एका मुलाचा हात वर उचलता येण्याजोगा राहील. आता याच्या शेजारी 'एफओपीबद्दल जागरूकता वाढवूया, आपण सगळे एक आहोत' ही पोस्ट ठेवून बघा.

एफओपीची आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ साली जीनी पीपर या स्वतः रुग्ण असलेल्या बाईंनी सुरू केली, तीही पत्रं लिहून. इंटरनेट घरोघरी यायच्या आधीची गोष्ट. विखुरलेले रुग्ण एकमेकांच्या ओळखीचे झाले, त्यांची कुटुंबं संशोधकांना रक्ताचे नमुने द्यायला तयार झाली आणि २००६ मध्ये आजाराचं कारण असलेलं जनुक सापडलं. तेव्हा साधन जुनं की नवं हा प्रश्न दुय्यम आहे. तुमच्या हाती आज जे आहे ते पीपरबाईंच्या टपालाहून हजारपट वेगवान आहे. फरक पडतो तो त्यातून काय पाठवता यावर.

म्हणून गटाला प्रश्न विचारताना घाई करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न टाकला तर पहिली तीन उत्तरं येतील आणि चौथ्यापासून सगळे 'आमचंही तसंच' लिहितील. लोक लबाड असतात असं नाही. दुसऱ्याचं वाचलं की आपली आठवण त्याच्या साच्यात बसते. प्रत्येक घराला स्वतंत्र विचारा, फोनवर विचारलंत तर उत्तम. पहिली खूण कुणाच्या लक्षात आली: आई, आजी, शाळेतली बाई? तेव्हा मूल किती महिन्यांचं होतं? पहिल्यांदा कुठल्या डॉक्टरला दाखवलं आणि त्यांनी त्याला काय नाव दिलं? शेवटी गाडी रुळावर कशामुळे आली? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: रात्री मूल झोपल्यावर मोबाइलवर तुम्ही नेमके कोणते शब्द टाकून शोधत होतात?

या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सोन्याची असतात. निदान न झालेलं कुटुंब आजाराचं नाव शोधूच शकत नाही, ते लक्षण शोधतं, आणि तेही घरगुती शब्दांत. 'स्नायूंचा शिथिलपणा' असं कुणी टाइप करत नाही. 'बाळ मान धरत नाही', 'मूल जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवतं' असं टाइप करतात. तुमच्या गटाच्या पानावर हे शब्द जसेच्या तसे असले पाहिजेत, आणि गटात जितक्या भाषा आहेत तितक्या भाषांत. मशीनने केलेलं भाषांतर इथे चालत नाही, कारण ते पुस्तकी शब्द घालतं आणि शोधणारा नेमका तिथे चुकतो. त्या भाषेतल्या आईकडूनच लिहून घ्या. आणि हे पान उघडं असू द्या. बंद गटातलं काहीही शोधयंत्राला दिसत नाही, हे बऱ्याच गटांच्या ध्यानातच येत नाही. आपसात बोलायला बंद गट, बाहेरच्याला सापडायला उघडं पान, अशा दोन वेगळ्या जागा लागतात.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण मॅथ्यू माइट यांचं. ते संगणकशास्त्रज्ञ. त्यांच्या मुलाला, बर्ट्रांडला, कुणालाच नाव माहीत नसलेला आजार होता. जनुकांचा क्रम तपासल्यावर एनजीएलवाय-१ या जनुकात दोष सापडला, पण जगात दुसरा ज्ञात रुग्ण नव्हता, आणि एका रुग्णावरून ठामपणे काही म्हणता येत नाही. २०१२ मध्ये त्यांनी मुलाची सगळी हकीकत इंटरनेटवर लिहिली, तीही असंच दुसरं मूल असलेल्या घराला किंवा डॉक्टरला शोधताना सापडावी अशा बेताने. लेख प्रचंड फिरला. पण कामाला आली त्यातली एक बारीक नोंद: मुलाच्या डोळ्यांत अश्रू येत नाहीत. दुसरीकडे एका मुलीच्या तपासणीत याच जनुकाचा संशय आला होता. त्या संशोधकाच्या हाती हा लेख लागला आणि त्याने मुलीच्या पालकांना विचारलं, ती रडते तेव्हा अश्रू येतात का? येत नव्हते. हळूहळू आणखी कुटुंबं सापडली आणि त्यांतून संशोधनाची रीतसर वाट तयार झाली. लाखो लोकांनी लेख वाचला, खरं. पण तो ज्यांच्यासाठी होता ती माणसं मूठभरच होती.

आता तुमच्या व्हिडिओकडे येते. 'व्हायरल' म्हटलं की सगळे २०१४ च्या आइस बकेट चॅलेंजचा दाखला देतात, तुमच्याही पत्रात तो आहे. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं आणि पुढच्यांना आव्हान द्यायचं. पीट फ्रेट्स, पॅट क्विन आणि अँथनी सेनेर्किया या तीन तरुण रुग्णांभोवतीच्या मित्रमंडळींतून ते पसरलं. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्या उन्हाळ्यात साडेअकरा कोटी डॉलर आले. त्या पैशाचा काही भाग जनुकांच्या शोधात गेला आणि २०१६ मध्ये एनईके-१ या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध समोर आला. तेव्हा ही नुसती गंमत होती असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण त्यातून तुम्ही काय शिकायचं, ते वेगळं आहे. पैसा आला तेव्हा तो घ्यायला जुनी, हिशेब ठेवणारी संस्था तयार होती. संशोधकांचं जाळं तयार होतं, नमुने गोळा होत होते. आव्हानात नाव घेऊन बोलावण्याची आणि चोवीस तासांच्या मुदतीची युक्ती होती, जी पुन्हा वापरली की शिळी होते. पुढच्या वर्षी तेच आव्हान पुन्हा केलं तेव्हा पहिल्या उन्हाळ्याच्या जवळपासही काही जमलं नाही. आणि बादल्या ओतणाऱ्यांपैकी किती जणांना एएलएसचं एक लक्षण सांगता आलं असतं? तुमच्या गटाकडे आज संस्था नाही, रजिस्ट्री म्हणजे रुग्णांची नोंदवही नाही, फोन उचलायला ठरलेलं माणूस नाही. उद्या खरोखर वीस लाख लोकांनी व्हिडिओ बघितला, तर त्यातल्या ज्या चार घरांना तुमची गरज आहे ती कुठे जातील? कमेंटमध्ये. आणि कमेंटच्या ढिगात ती दिसणारही नाहीत.

याउलट प्रोजेरियाचं बघा. लहानपणीच वार्धक्याची लक्षणं दिसणारा हा आजार. त्याच्या संस्थेने २००९ साली मोहीम काढली तिचं सूत्रच होतं, 'उरलेली १५० मुलं शोधा'. तेव्हा जगभरात पन्नासच्या आसपास मुलं माहीत होती आणि अंदाजाप्रमाणे आणखी दीडशे असायला हवी होती. मोहिमेचं लक्ष्य एवढं काटेकोर. पुढच्या वर्षांत माहीत असलेल्या मुलांचा आकडा शंभराच्या वर गेला. औषधाच्या चाचण्यांना मुलं लागतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत २८ मुलं होती, आणि त्याच औषधाला, लोनाफार्निबला, अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. मूल सापडणं आणि औषध मिळणं यांचा इतका थेट संबंध असतो.

डॉक्टरांपर्यंत पोचायचा रस्ता निराळा आहे, आणि इथे रुग्णगट हमखास चिडतात. डॉक्टर ऐकत नाहीत, 'इंटरनेटवर वाचून आलात का' म्हणतात. म्हणतात, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे आवाज चढवणं नाही, त्यांच्या कामाची गोष्ट त्यांच्या हातात देणं. हृदयाच्या धमनीचा आतला थर आपोआप फाटून झटका येतो, त्याला स्कॅड म्हणतात. बहुतेक रुग्ण बायका, वय कमी, ना मधुमेह ना धूम्रपान, त्यामुळे कुणाला शंकाच येत नसे. हा प्रकार इतका विरळा मानला जाई की अभ्यासाला रुग्ण मिळणार नाहीत असा समज होता. हृदयविकार असलेल्या स्त्रियांच्या एका ऑनलाइन गटात मात्र अशा बायका एकमेकींना सापडल्या होत्या. त्यांच्यातल्या कॅथरीन लिऑन यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉ. शेरॉन हेज यांना गाठून विचारलं, आमचा अभ्यास कराल का? गटातून १२ रुग्णांनी आपली कागदपत्रं दिली, तो छोटा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे त्याची शेकडो रुग्णांची नोंदवही झाली. लिऑनबाई 'स्कॅडबद्दल जागृती करा' असं म्हणायला गेल्या नव्हत्या. 'आम्ही इतक्या जणी आहोत, कागद तयार आहेत' असं म्हणायला गेल्या होत्या.

तुम्हीही तसंच करा. डॉक्टरसाठी एका पानाचा कागद: कोणती दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर शंका घ्यावी, कुठली चाचणी मागवावी, काय चुकूनही करू नये, पुढे कुणाकडे पाठवावं. खाली त्या आजारावर काम करणाऱ्या एखाद्या तज्ज्ञाची सही. ही सही मिळवायला वेळ लागतो, लागू द्या. तिच्याशिवाय कागद टेबलावर राहत नाही, खाली जातो. गटाच्या भावना, तुमचा संघर्ष, कविता यातलं काही त्या पानावर नको. आणि तो फक्त मोठ्या रुग्णालयांत वाटू नका. पहिल्यांदा मूल दाखवतात ते जवळच्या डॉक्टरकडे, फिजिओथेरपिस्टकडे, कधी डोळ्यांच्या किंवा दातांच्या डॉक्टरकडे. तुमच्या साठ घरांनी दिलेल्या उत्तरांतच दिसेल की कुठल्या दारात सगळ्यात जास्त वेळ वाया गेला. ते दार आधी.

आता फोटो. घरात जे 'नको' म्हणताहेत त्यांच्या बाजूने मी आहे, पण त्यांच्याहून थोड्या वेगळ्या कारणासाठी. लोकलज्जा हे कारण मला पटत नाही. मला काळजी आहे ती ओळख पटण्याची. लाखो लोकांना होणाऱ्या आजारात 'सात वर्षांची मुलगी' ही कुणाचीच ओळख नसते. साठ कुटुंबांच्या आजारात तेवढ्यावरून माणूस सापडतं. आजाराचं नाव, वय आणि गाव एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की नाव लपवून काही उपयोग नाही. म्हणूनच तुम्ही आजाराचं नाव लिहिलं नाहीत ते मला आवडलं. शिवाय आजार जनुकीय आहे. मुलीचं निदान उघड केलं की तिच्या भावंडांबद्दल, मावस-चुलत भावंडांबद्दलही काहीतरी उघड होतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

'आमचा गट बंद आहे' या भरवशावर तर बिलकुल राहू नका. २०१८ च्या मध्यापर्यंत फेसबुकच्या बंद गटांतल्या सभासदांची यादी बाहेरच्या माणसाला उचलता येत होती. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या गटातल्या सभासदानेच ते उघडकीला आणलं, मग फेसबुकने बदल केला. त्याआधी २०१० मध्ये पेशंट्सलाइकमी या रुग्णांच्या संकेतस्थळावर मूड आणि मानसिक त्रासांबद्दल बोलायच्या खास सभासदांच्या जागेतून एका बाजार-संशोधन कंपनीने मजकूर खरवडून नेल्याचं पकडलं गेलं होतं. बंद गटात टाकलेलं सगळं कधीतरी बाहेर येऊ शकतं, असं धरूनच टाकायचं.

मग चेहऱ्याशिवाय व्हिडिओ कोण बघणार, हा तुमच्या गटातल्या तरुणांचा मुद्दा. तर बघा, डॉक्टरला चेहरा नकोच असतो. त्याला चाल बघायची असते, हात कसा उघडतो ते बघायचं असतं, जमिनीवरून मूल कसं उठतं ते बघायचं असतं. कमरेखालून घेतलेला वीस सेकंदांचा तो तुकडा कुठल्याही हसऱ्या फोटोपेक्षा जास्त शिकवतो. आणि माणूस बोलताना दाखवायचंच असेल तर गटातले प्रौढ रुग्ण शोधा. ते स्वतःच्या वतीने बोलू शकतात, 'आता काढून टाका' असंही म्हणू शकतात. लहान मुलाच्या वतीने आईवडिलांनी दिलेली संमती कायद्याला चालेल, पण चौदाव्या वर्षी वर्गातल्या मुलांनी तो व्हिडिओ शोधून काढला की त्याचा त्रास कायदा सोसत नाही. ज्यांना चेहरा दाखवायचाच आहे त्यांची संमती लेखी घ्या, किती काळासाठी आणि कुठे कुठे ते लिहा, आणि परत घ्यायची सोय ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा गेलेलं परत घेता येत नाही, तेही स्पष्ट सांगा.

गटाच्या आतल्या शिस्तीबद्दल दोन गोष्टी. बाहेर जाणारा प्रचार कितीही नीट असला तरी आत 'आमच्याकडे या काढ्याने फरक पडला' सुरू झालं की नवीन आलेलं कुटुंब तेच घेऊन बाहेर पडतं. २००९ नंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णांत पाओलो झांबोनी या इटालियन डॉक्टरची कल्पना पसरली की मानेच्या शिरा अरुंद असतात, त्या रुंद केल्या की आजार आटोक्यात येतो. आजार तितका दुर्मिळ नव्हे, पण धडा तोच. समाजमाध्यमांवर 'सुटका' झालेल्यांचे व्हिडिओ फिरले, कॅनडातले कित्येक रुग्ण पैसे भरून परदेशी जाऊन ती प्रक्रिया करून आले. पुढे कॅनडातच नीट चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: उपयोग नाही. याच्या उलट एएलएसचे रुग्ण. २००८ मध्ये एका छोट्या इटालियन अभ्यासात लिथियम या औषधाने आजार मंदावतो असं दिसलं, तेव्हा पेशंट्सलाइकमीवरच्या बऱ्याच जणांनी आपल्या डॉक्टरांकडून ते सुरू केलं. पण त्यांनी तब्येतीच्या नोंदी ठेवल्या. अशा १४९ जणांची तुलना लिथियम न घेणाऱ्या, तशाच अवस्थेतल्या रुग्णांशी केली गेली आणि २०११ मध्ये छापून आलं की फरक पडत नाही. उत्तर नकारार्थी आलं, पण ते रुग्णांनीच मिळवलं. उत्साह दोन्हीकडे होता. नोंदी एकाच ठिकाणी होत्या.

तेव्हा अ‍ॅडमिनने नियम घालावा: स्वतःचा अनुभव लिहा, दुसऱ्याला डोस सांगू नका, 'बरा होतो' असा दावा तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय राहणार नाही. पैशांच्या मदतीची आवाहनं गटात सरळ बंद ठेवा, किंवा कागदपत्रं तपासणारी दोन माणसं नेमा. खोटा आजार सांगून गटांत शिरणारे लोक असतात, मानसोपचारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी त्यावर २००० सालापासून लिहिलं आहे. आणि औषध कंपनीने कार्यक्रमाला पैसे दिले तर ते उघड सांगा. घेऊच नका असं मी म्हणत नाही, बऱ्याच गटांना दुसरा आधार नसतो. पण लपवलेली मदत कळली की गटाचं प्रत्येक वाक्य जाहिरात वाटायला लागतं.

जागतिक दुर्मिळ आजार दिन सुरू झाला २००८ मध्ये, मुद्दाम २९ फेब्रुवारीला, म्हणजे क्वचित येणाऱ्या तारखेला. दिवस छान आहे, माध्यमं त्या आठवड्यात फोन उचलतात, त्याचा फायदा घ्या. पण त्या दिवशी हजारो आजारांचे गट एकदमच बोलत असतात. त्यात दुर्मिळ आजारांचं चिन्ह म्हणून वापरले जाणारे झेब्र्याचे पट्टे आणि रंगीत फिती ही आपल्या आपल्यातली खूण झाली, बाहेरच्याला त्यातून काही कळत नाही. माझ्या मते स्वतःच्या आजाराची मोठी मोहीम एखाद्या रिकाम्या महिन्यात करावी आणि फेब्रुवारीत फक्त हजेरी लावावी.

काम होतंय की नाही हे लाइकवरून कळणार नाही. नवीन कुटुंब आलं की तीन गोष्टी लिहून ठेवा: मूल किती वर्षांचं असताना निदान झालं, पहिल्या लक्षणापासून किती काळ गेला, आणि आमच्यापर्यंत कसे पोचलात. दोन वर्षांनी हे रकाने बघा. निदानाचं वय खाली येत असेल तर पोस्ट कुणी बघो न बघो. आणि 'डॉक्टरांनी तुमचा कागद दिला' हे उत्तर यायला लागलं, तर जिथून आलं त्या भागात आणखी कागद पाठवा.

या फेब्रुवारीत काय करायचं? तुमचं ते एक वाक्य, त्याच्यासोबत लक्षण दाखवणारं एक चित्र किंवा चेहरा नसलेला छोटा व्हिडिओ, गटातल्या सगळ्या भाषांत, आणि खाली गटाचा एक ई-मेल. कुणाचा खासगी फोन नंबर देऊ नका, रात्री दोनला वाजतो. पोस्ट टाकण्याआधी उत्तरं द्यायला दोन माणसं आळीपाळीने ठरवून घ्या. पहिल्याच आठवड्यात अनोळखी आईबाप मुलांचे फोटो पाठवून विचारतील, 'हाच आजार आहे का?' त्याला ठरलेलं उत्तर आधीच लिहून ठेवा: फोटोवरून आम्ही सांगू शकत नाही, सांगणारही नाही, सोबतचा कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांना शंका वाटली तर ही चाचणी होते, चाचणी झाली की उत्तर काहीही आलं तरी कळवा. आणि आलेला फोटो मोबाइलमधून काढून टाका.